वीतभर अंतरावरचा फ्यूज

तुळशीचे लग्न लागले की गोंदिया जिल्ह्यात पिकअप गाड्यांचे रूप पालटते. कालपर्यंत धानाची पोती वाहणाऱ्या गाडीवर स्पीकरांची भिंत उभी राहते, दिव्यांच्या माळा चढतात, मागच्या हौद्यात इन्व्हर्टर येतो. मग चेसिसच्या बाजूला असलेली बॅटरी गैरसोयीची वाटू लागते. ती काढून हौद्यात किंवा केबिनमध्ये सीटमागे ठेवली जाते आणि तिथून इंजिनपर्यंत एक लांब केबल ओढली जाते. काम तासाभरात होते. सेल्फ फिरला, गाणे वाजले की मालक खूश आणि वायरमनही मोकळा.

बॅटरी हलवण्याचे कारण नेहमी बँडबाजाच असते असे नाही. रात्री उभ्या ट्रक-ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला जाते, म्हणून कोणी ती कुलपाच्या आत आणतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की इंजिनाशेजारची बॅटरी लवकर मरते, म्हणून कोणी ती कारच्या डिकीत नेतो. कोणाला फिरत्या दुकानासाठी फ्रीज चालवायचा असतो, कोणाला रुग्णवाहिकेत जादा उपकरणे बसवायची असतात. कारणे रास्त आहेत. प्रश्न फक्त एवढाच, की त्या लांब केबलमध्ये, बॅटरीच्या अगदी जवळ, योग्य मापाचा फ्यूज बसवला आहे का? बहुतेक वेळा हा प्रश्न मालक विचारत नाही आणि करणारा सांगत नाही. आजचा लेख त्या एका प्रश्नासाठी.

बारा व्होल्टचा गैरसमज

बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना कोरड्या हातांनी स्पर्श केला तरी झटका बसत नाही. कातडीचा रोध इतका असतो की बारा व्होल्टचा दाब शरीरातून जाणवेल इतकाही प्रवाह ढकलू शकत नाही. त्यामुळे ‘बारा व्होल्टला काय घाबरायचे’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. झटक्यापुरते ते बरोबर आहे. आगीच्या बाबतीत मात्र ते पुरते फसवे आहे. झटका किती बसेल हे दाबावर ठरते. वायर किती तापेल हे तिच्यातून किती अँपिअर वाहतात यावर ठरते.

गाडीची शिसे-आम्ल बॅटरी मुळात प्रचंड अँपिअर देण्यासाठीच बनवलेली असते. 1912 साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ आणला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे दिवस सरू लागले. तेव्हापासून बॅटरीचे पहिले काम तेच राहिले आहे: दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर ओतणे. लहान पेट्रोल कारला त्यासाठी साधारण शंभर ते दोनशे अँपिअर लागतात, डिझेल पिकअपला अडीचशे-तीनशे किंवा त्याहून अधिक. एवढा प्रवाह देता यावा म्हणून बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी, म्हणजे एका ओहमच्या हजाराव्या भागात मोजावा इतका ठेवलेला असतो.

हाच गुण शॉर्टसर्किटमध्ये उलटतो. समजा, बॅटरी, केबल आणि गाडीची बॉडी मिळून एकूण रोध एका ओहमचा शंभरावा भाग आहे. केबलचे आवरण कुठेतरी कापले जाऊन तांबे बॉडीला टेकले, तर बारा भागिले शून्य पूर्णांक शून्य एक, म्हणजे 1200 अँपिअर वाहतील. बारा व्होल्ट गुणिले 1200 अँपिअर म्हणजे 14,400 वॅट. घरातल्या चौदा इस्त्र्या एकाच वेळी, एकाच केबलच्या रेषेत चालू झाल्यासारखे ते असते. घरात असे झाले तर एमसीबी खाली पडेल. गाडीत फ्यूज नसेल तर प्रवाह थांबवायला दुसरे कोणीही नाही. केबल जळून तुटेपर्यंत किंवा बॅटरी रिकामी होईपर्यंत तो चालूच राहतो. आणि 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जवळजवळ एक युनिट वीज भरलेली असते. ती एका तासात वापरली तर इस्त्री होते, काही मिनिटांत बाहेर पडली तर आग.

कंपनीने नाही लावला, मग आपण का?

हा सवाल हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. अनेक गाड्यांत बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला कारखान्यातूनच फ्यूज नसतो. बाकीच्या सगळ्या वायरींना असतो, फक्त हिला नसतो. कारण त्या जागी केबल लहान असते, इंजिनाच्या आसपासच असते, तिचा मार्ग नीट आखलेला असतो, प्रत्येक वळणावर ती पकडीत धरलेली असते. पत्र्याच्या कडेवर घासण्याची संधी तिला मिळू नये याची काळजी आराखड्यातच घेतलेली असते.

बॅटरी मागे नेली की हे गणित मोडते. अर्ध्या-पाऊण मीटरची केबल चार मीटरची होते. ती चेसिसच्या कडेने, पत्र्याच्या भोकांतून, सायलेन्सरजवळून, डिझेलच्या टाकीशेजारून जाते. प्रत्येक खड्ड्यात ती हलते. ज्या कंपन्या स्वतःच बॅटरी डिकीत बसवतात त्यांनी हा धोका ओळखला आहे. बीएमडब्ल्यूच्या अशा गाड्यांत बॅटरीच्या धन टर्मिनलवरच एक छोटी स्फोटक कळ असते. जोराची धडक बसली की ती सेल्फकडे जाणारी केबल क्षणार्धात तोडून टाकते. आपल्या गॅरेजमध्ये तशी कळ बसवता येत नाही. फ्यूज मात्र बसवता येतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो.

फ्यूज कोणाला वाचवतो

फ्यूज म्हणजे मुद्दाम अशक्त ठेवलेला वायरचा एक तुकडा. साखळी तुटायचीच असेल तर कुठे तुटावी हे आधी ठरवून ठेवण्याची ही युक्ती आहे. थॉमस एडिसन यांनी 1890 मध्ये तिचे पेटंट घेतले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तत्त्व तेच आहे.

फ्यूज स्पीकर, इन्व्हर्टर किंवा सेल्फ वाचवण्यासाठी असतो असा बहुतेकांचा समज असतो. त्याचे खरे काम वायर वाचवण्याचे. म्हणून तो वायरच्या त्या टोकाला हवा जिथून वीज येते, म्हणजे बॅटरीच्या बाजूला. चार मीटर केबलच्या शेवटी, इंजिनाजवळ फ्यूज लावला, तर मधल्या चार मीटरमध्ये कुठेही शॉर्ट झाला तरी त्या फ्यूजला कळणारही नाही. प्रवाह त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा पूर्णपणे बेवारस असतो, म्हणून तो जितका लहान तितका चांगला. एक वीत हे लक्षात ठेवायला सोपे माप आहे. तेवढ्याही तुकड्यावर जादा आवरण आणि टर्मिनलवर रबरी टोपी हवीच.

जिथे मूळ बॅटरी जागेवर ठेवून हौद्यात दुसरी बॅटरी जोडतात, तिथे एक चूक फार सर्रास दिसते. दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलला एकच फ्यूज असतो. त्या केबलला वीज दोन्ही टोकांनी मिळते. मध्ये कुठे शॉर्ट झाला तर एका बाजूचा फ्यूज उडेल आणि दुसऱ्या बाजूची बॅटरी निवांतपणे आग पेटवत राहील. अशा केबलला दोन फ्यूज लागतात, प्रत्येक बॅटरीपाशी एकेक.

एका पिकअपचा हिशेब

आता माप. फ्यूजचा आकडा दोन मर्यादांच्या मध्ये बसला पाहिजे. खालची मर्यादा कामाची: गाडी सुरू करताना तो उडता कामा नये. वरची मर्यादा वायरची: वायर जळण्याआधी तो उडालाच पाहिजे. म्हणून आधी केबल ठरवायची, मग फ्यूज. उलट केले की फसगत होते.

समजा, डिझेल पिकअपचा सेल्फ फिरताना 300 अँपिअर घेतो. अंदाज नको. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलभोवती धरून वायरमनला हे दोन मिनिटांत मोजता येते. केबल चार मीटर लांब. दुकानात स्वस्तात मिळते म्हणून 16 स्क्वेअर एमएमची केबल घेतली, तर तांब्याच्या रोधाप्रमाणे चार मीटरला साधारण 4.3 मिलीओहम होतात. 300 अँपिअरला 1.3 व्होल्ट वाटेतच खर्च. ऋण बाजूलाही तशीच केबल असेल तर आणखी 1.3. सेल्फ कण्हतो, थंडीच्या दिवसांत पहाटे गाडी उठत नाही आणि दोष बॅटरीवर येतो. 50 स्क्वेअर एमएमची केबल घेतली तर तोच तोटा एका बाजूला 0.4 व्होल्टवर येतो.

जाड केबलचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. पूर्ण शॉर्ट झाला आणि हजारभर अँपिअर वाहू लागले, तर ढोबळ हिशेबाने 16 स्क्वेअर एमएमच्या केबलचे पीव्हीसी आवरण अडीच-तीन सेकंदांत 160 अंशांपर्यंत तापते आणि मऊ पडू लागते. 50 स्क्वेअर एमएमच्या केबलला त्यासाठी वीस सेकंदांहून अधिक लागतात. फ्यूजला आपले काम करायला हीच सवड असते.

कारण फ्यूज त्याच्या आकड्यावर लगेच उडत नाही, हे अनेकांना माहीत नसते. 200 अँपिअरच्या मेगा प्रकारच्या फ्यूजमधून 200 अँपिअर तासन्‌तास जाऊ शकतात. दीडपट प्रवाह, म्हणजे गाडी सुरू करतानाचे 300 अँपिअर, तो काही सेकंद आरामात सोसतो. दुप्पट प्रवाहाला तो एका सेकंदापासून पंधराएक सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. सहापट प्रवाहाला मात्र सेकंदाच्या आत तुटतो. आपल्या पिकअपला 50 स्क्वेअर एमएमची केबल आणि 200 अँपिअरचा मेगा फ्यूज अशी जोडी म्हणूनच जमते. सेल्फ जास्त ओढत असेल किंवा थंडीत बराच वेळ फिरवावा लागत असेल तर 250चा फ्यूज. तेव्हाही पूर्ण शॉर्ट झाला तर तो एक-दोन सेकंदांत तुटतो आणि केबल शाबूत राहते.

आता हाच फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी 500 अँपिअरचा बसवला तर? 1200 अँपिअरचा शॉर्ट त्याच्यासाठी फक्त अडीचपट होतो. तो तुटायला कित्येक सेकंद घेईल आणि खाली 16ची केबल असेल तर ती तीन सेकंदांतच हात टेकेल. बॅटरी जुनी झाली की तिचा रोध वाढतो, शॉर्टचा प्रवाहही घटून सहाशेवर येऊ शकतो. मग 500चा फ्यूज बराच वेळ नुसता बघत बसेल. फ्यूज लावला आहे, गाडी जळाली आहे आणि फ्यूज मात्र शाबूत आहे, असे घडते ते याच कारणाने. आकडा मोठा म्हणजे सुरक्षा मोठी, हा समज सोडायला हवा.

प्रकारही महत्त्वाचा. एका भल्यामोठ्या प्रवाहाला तोडताना फ्यूजच्या आत ठिणगीचा कमान पूल तयार होतो. तो विझवण्याची क्षमता फ्यूजवर वेगळ्या आकड्याने लिहिलेली असते. मोठ्या केबलसाठी मेगा किंवा एएनएल प्रकारचे, बोल्टने घट्ट बसणारे फ्यूज घ्यावेत. घरातल्या वायरिंगचा एमसीबी इथे बसवू नये. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि ठिणगी विझायला मदत करते. बॅटरीची वीज कधीच शून्यावर येत नाही, आणि तो एमसीबी त्यासाठी तपासलेला नसतो. लिथियम बॅटरी बसवायची असेल तर आणखी सावध राहावे. तिचा रोध आणखी कमी असू शकतो, शॉर्टचा प्रवाह जास्त, म्हणून तोडण्याची क्षमताही जास्त असलेला फ्यूज लागतो.

मुख्य फ्यूजनंतर प्रत्येक फांदीला तिचा वेगळा फ्यूज. हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून शंभरेक अँपिअर ओढतो. त्याला 35 स्क्वेअर एमएमची आखूड केबल आणि 125 अँपिअरचा फ्यूज. दिव्यांच्या पातळ वायरला 10चा लाल किंवा 15चा निळा ब्लेड फ्यूज. दोनशेच्या मुख्य फ्यूजमागून थेट पातळ वायर काढणे म्हणजे फ्यूज नसल्यासारखेच.

आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तांब्याची तार किंवा खिळा लावण्याची आपली जुनी सवय? फ्यूज उडाला म्हणजे त्याने काहीतरी सांगितले आहे. आधी ते ऐकावे, मग त्याच मापाचा नवा बसवावा.

उंदीर, कोंडा आणि खड्डे

फ्यूज सगळे थांबवत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आवरण थोडेसेच खरवडले गेले, तांबे बॉडीला अधूनमधून टेकू लागले, तर शंभर अँपिअरची धगधगती ठिणगी चालू राहू शकते. दोनशेच्या फ्यूजला ती नेहमीच्या कामासारखीच वाटते. पण शंभर गुणिले बारा म्हणजे बाराशे वॅट, एका बिंदूवर. शेजारी तेलकट चिंधी किंवा धानाची तणस असेल तर तेवढे पुरते.

आपल्या जिल्ह्यात ही भीती पुस्तकी नाही. राईस मिलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर असतातच, आणि वायरचे आवरण कुरतडणे हा त्यांचा उद्योग आहे. कोंडा, तूस आणि तणसाचे तुकडे चेसिसच्या खाचांत साचून वाळतात. पावसाळ्यात चिखल आणि ओल जोडांना गंज चढवते. अशा गाडीत केबल उघडी ठेवणे म्हणजे आमंत्रणच. तिच्यावर सलग जाड नळी चढवावी. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी कडे बसवावे. दर वीतभर-दीड वीत अंतरावर पकड असावी. इंधनाच्या नळीपासून आणि सायलेन्सरपासून ती दूर न्यावी. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन तिच्यावरून नजर फिरवावी.

जोडांकडेही बघावे. केबलच्या टोकाला लग बसवताना हातोड्याने ठोकून भागवले जाते. वरून ते घट्ट दिसते. पण अशा जोडात एक मिलीओहम रोध राहिला, तर 300 अँपिअरला तिथे 90 वॅट उष्णता तयार होते. लग दाबायला हायड्रॉलिक पक्कड वापरावी. बॉडी अर्थ जिथे घ्यायचा तिथला रंग खरवडून स्वच्छ धातूवर बोल्ट कसावा. ऋण केबल धन केबलइतकीच जाड असावी. गाडी चालवून आल्यावर जोडाला हात लावून पाहावा. शेजारच्या पत्र्यापेक्षा तो गरम लागत असेल तर दुरुस्ती आजच करावी, उद्यावर ढकलू नये.

डोळे, बोटे आणि श्वास

विजेचा विषय आरोग्याच्या स्तंभात का, असे वाटत असेल तर बॅटरी कुठे ठेवली जाते ते पाहा. सीटमागे, माणसांच्या श्वासाजवळ.

शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. उघड्या जागी तो उडून जातो, बंद केबिनमध्ये किंवा डिकीत साचतो. म्हणून आत ठेवायची बॅटरी झाकणाच्या पेटीत, पेटीला बाहेर जाणारी नळी, आणि शक्यतो एजीएम प्रकारची सीलबंद बॅटरी असावी. ज्या कारच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, तिथे बॅटरी नेऊच नये. पेटी चेसिसला बोल्टने पक्की बांधावी. सुटी बॅटरी अपघातात पंधरा-वीस किलोच्या दगडासारखी पुढे येते.

बॅटरी फुटली तर सल्फ्युरिक आम्ल थेट डोळ्यांत जाऊ शकते. तेव्हा पहिला उपचार स्वच्छ पाणी, आणि तेही घोटभर नव्हे. पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटे धार सोडत राहायचे आणि मग लगेच दवाखाना. डोळे चोळायचे नाहीत, सोडा किंवा दुसरे काही घालायचे नाही. कातडीवर पडले तरी तेच, कपडे आधी काढून. भाजले असेल तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही नको.

काम करताना हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. पाना धन टर्मिनलवर असताना अंगठी एकाच वेळी पान्याला आणि बॉडीला टेकली की सोन्याची अंगठी क्षणात लालबुंद होते. ती बोटातून निघत नाही. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे, लावताना ते शेवटी लावावे. एवढ्याने निम्मे अपघात टळण्यासारखे आहेत.

धुराबद्दल मात्र आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. 1 मे 1999 पर्यंत भंडारा आणि गोंदिया हा एकच जिल्हा होता. 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागली आणि 10 बाळे गेली. त्या घटनेचा गाडीच्या बॅटरीशी संबंध नाही. पण बंद जागेतल्या आगीत ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो, हे त्या रात्रीने सगळ्या महाराष्ट्राला शिकवले. पीव्हीसीचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो. तो डोळे मिटवतो, श्वासनलिका आवळतो. पिकअपच्या छोट्या केबिनमध्ये दार सापडायला लागणारे काही सेकंद मग फार महाग पडतात. म्हणून बॅटरी तोडणारा मुख्य स्विच बाहेरून हाताला येईल असा असावा, आणि पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताजवळ असावा, सामानाखाली दबलेला नसावा. धूर दिसला तर आधी माणसे बाहेर, मग गाडी. आगीसाठी 101, रुग्णवाहिकेसाठी 108.

जबाबदारी कोणाची

14 ऑक्टोबर 2025 रोजी जैसलमेरहून जोधपूरला निघालेली खासगी बस पेटली आणि वीसहून अधिक माणसे होरपळून गेली. वातानुकूलन यंत्रणेच्या वायरिंगमधील शॉर्टसर्किटचा संशय तेव्हा व्यक्त झाला आणि बसमध्ये केलेल्या फेरफारांची चर्चा देशभर झाली. मग नेहमीप्रमाणे तपासणी मोहिमा निघाल्या. मोहिमा विरतात, गाड्या धावत राहतात.

कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 सांगते, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. पण बॅटरी कुठे आहे हे नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले नसते. त्यामुळे हे काम कायद्याच्या नजरेतून सहज निसटते. आणि नुसता दंडाचा धाक दाखवला तर लोक बॅटरी हलवणे थांबवणार नाहीत, ती लपवू लागतील.

त्यापेक्षा तीन साध्या गोष्टी करता येतील. पहिली तपासणीत. मालवाहू व प्रवासी वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या वेळी बॅटरी हलवलेली किंवा वाढवलेली दिसली, तर फ्यूज कुठे आहे आणि कोणत्या मापाचा आहे एवढे दोन प्रश्न विचारले जावेत. एमएच-35 पाटीच्या गाड्यांपुरती ही सुरुवात आपल्याच परिवहन कार्यालयाला करता येईल. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरी शिकवण्यात. हे काम करणारी मुले बहुधा उस्तादाच्या हाताखाली शिकलेली असतात. हात सफाईदार असतो, हिशेब कोणी सांगितलेला नसतो. जिल्ह्यातील आयटीआयनी अशा वायरमनांसाठी दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत: केबलचे माप, फ्यूजचे माप, क्लॅम्प मीटर, लग दाबणे आणि आम्लावरचा प्रथमोपचार. शिकायची तयारी या मुलांत भरपूर आहे, बोलावणारे कोणी नाही.

तिसरी बिलात. बॅटरी हलवण्याच्या कामाच्या पावतीवर केबल किती स्क्वेअर एमएमची, फ्यूज किती अँपिअरचा आणि टर्मिनलपासून किती अंतरावर, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. यासाठी कोणत्याही सरकारी परिपत्रकाची गरज नाही. फक्त गिऱ्हाइकाने मागायचे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. न कळवलेला फेरफार दाव्याच्या वेळी अंगलट येतो.

यात खर्च किती? फ्यूज, त्याची पेटी, नळी, रबरी कडी आणि जाड केबलचा फरक मिळून तो स्पीकरांच्या एका जोडीपेक्षाही कमी असतो. तरी तो वाचवला जातो, कारण स्पीकर ऐकू येतो आणि फ्यूज ऐकू येत नाही. तो वर्षानुवर्षे नुसता बसून असतो. त्याने कधीच काही करावे लागू नये, हीच त्याच्याकडून अपेक्षा.

आज संध्याकाळी गाडी अंगणात लावाल तेव्हा सीटमागे किंवा हौद्यात डोकावा. बॅटरीच्या धन टर्मिनलवर अंगठा टेकवा आणि करंगळी केबलच्या दिशेने ताणा. त्या वितीच्या आत फ्यूज सापडला तर झाकण उघडून त्याचा आकडा वाचा आणि केबलच्या मापाशी ताडून पाहा. सापडला नाही तर उद्या सकाळी पहिले काम वायरमनकडे. तोपर्यंत ऋण टर्मिनल सोडवून ठेवलेले बरे.